परिषद संपली, धनंजयराव थांबले

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाचा सहकाराशी संबंध सकाळी नळाला पाणी येते तेव्हाच सुरू होतो. गच्चीवरची टाकी सोसायटीची, पंप सोसायटीचा आणि तो चालू करणारा वॉचमनही सोसायटीचाच. दुधाच्या पिशवीमागे बहुधा कुठल्या तरी जिल्ह्याचा दूध संघ असतो, चहातली साखर बहुधा सहकारी कारखान्यातली असते. घरातले कुणी रेल्वेत, महापालिकेत किंवा कारखान्यात असेल तर पगारातून पतपेढीचा हप्ता कापूनच रक्कम हाती पडते. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० मध्ये निघाली, ठाणे जनता १९७२ मध्ये आणि कल्याण जनता १९७३ मध्ये. आपल्यापैकी कित्येकांचे पहिले बचत खाते आणि मुलीच्या लग्नाचे कर्ज अशाच एखाद्या बँकेतले.

इतके असूनही आपण स्वतःला सहकारातले मानत नाही. सहकार म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो देशावरचा साखर कारखाना, त्याचा चेअरमन आणि त्याची गाडी. दरवर्षी १४ ते २० नोव्हेंबर या काळात देशभर सहकार सप्ताह साजरा होतो. सप्तरंगी झेंडा लागतो, सभागृहात भाषणे होतात, हारतुरे होतात. २०१२ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी सहकार वर्ष म्हणून जाहीर केले होते आणि २०२५ हे पुन्हा एकदा. त्या निमित्तानेही परिषदा झाल्या. अशा परिषदांतून पुढे काय निघते, हा प्रश्न बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला पडल्याशिवाय राहत नाही. त्याचे उत्तर शोधताना मला वारंवार एकच माणूस आठवतो : धनंजयराव गाडगीळ.

गाडगीळ या आडनावाने आपल्याकडे थोडा गोंधळ होतो. कुणाला काकासाहेब आठवतात, कुणाला कथाकार गंगाधर गाडगीळ, तर कुणाला सराफी पेढी. आम्हा बँकवाल्यांना ते प्रथम भेटले सीएआयआयबीच्या परीक्षेत, गाडगीळ अभ्यासगट म्हणून पाच गुणांच्या टिपेत. त्या पाच गुणांमागे केवढा माणूस उभा होता, हे कळायला नोकरीची बरीच वर्षे जावी लागली.

केंब्रिजहून पुण्याला

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकचा. शालेय शिक्षण नागपुरात झाले आणि पुढे ते केंब्रिजला गेले. तिथे लिहिलेला भारतातील उद्योगांच्या वाटचालीवरचा त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. लेखकाचे वय तेव्हा तेवीस. कारागिरांचे धंदे का बसले, गिरण्या कशा उभ्या राहिल्या, शेतीवर माणसांचा भार का वाढला, याची मांडणी त्यात होती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्या पुस्तकावर वाढल्या.

असा विद्वान माणूस सरकारी नोकरीत सहज रमला असता. मुंबई सरकारच्या अर्थखात्यात ते थोडे दिवस होतेही. मग सुरतच्या एम. टी. बी. कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १९३० मध्ये पुण्याला आले. रावबहादूर आर. आर. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून गोखले अर्थशास्त्र संस्था त्याच वर्षी सुरू झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव. या खुर्चीवर ते १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे होते.

तिथे त्यांनी लावलेली शिस्त मला फार मोलाची वाटते. देशाच्या अर्थकारणावर मत देण्याआधी बाहेर पडायचे आणि मोजायचे. पुण्याच्या बाजारात फळे कुठून येतात, मधल्या माणसाला किती मिळते, बागाईतदाराच्या हाती काय उरते, याची पाहणी त्यांनी केली. वाई तालुक्यातल्या शेतकऱ्यांचे हिशेब तपासले. पुणे शहरातल्या घराघरांत माणसे पाठवून उत्पन्न, भाडे, व्यवसाय यांची नोंद केली. आज सर्वेक्षण हा शब्द शाळकरी पोरेही वापरतात. त्या काळी प्राध्यापकाने धान्याच्या मापाची आणि भाजीच्या पाटीची चौकशी करणे नवलाचे होते.

या मोजण्यातून त्यांना एक गोष्ट स्वच्छ दिसली. लहान माणूस कष्टाला कमी पडत नाही. त्याचा माल त्याच्या हातातून सुटल्यावर पुढे जी किंमत वाढते, त्या वाढीत त्याचा वाटा नसतो. ऊस पिकवणारा एक, साखर करणारा दुसरा आणि नफा दुसऱ्याचा. ही साखळी आपल्या हातात घ्यायची तर एकट्यादुकट्याला ते जमणारे नव्हते.

एका परिषदेची गोष्ट

१९४५ च्या अखेरीस बेलापूरला बागाईतदारांची परिषद भरली. हे बेलापूर आपल्या ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे नव्हे. नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधले हे बेलापूर रोड स्टेशन, आजचे श्रीरामपूर. दख्खनच्या कालव्यांवर शेती करणारे शेतकरी तिथे जमले होते. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, पण गुळाचे भाव कोसळले की शेतकरी कर्जात बुडायचा आणि साखर काढणारे कारखाने खासगी कंपन्यांचे होते. परिषदेचे अध्यक्ष म्हणून पुण्याहून धनंजयरावांना बोलावले होते. शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना काढावा, हा विचार त्यांनी तिथे ठामपणे मांडला.

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर तिची आठवण कुणी ठेवली नसती. अध्यक्षीय भाषण झाले, ठराव झाला, आभार झाले, असे किती वेळा होते! पण समोर बसलेल्यांत लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील होते. शिक्षण बेताचे, पण अनुभव मोठा. सावकाराच्या पाशातून गाव सोडवायला त्यांनी १९२३ मध्येच लोणीत सहकारी पतसंस्था काढली होती. त्यांनी ही कल्पना उचलली आणि गावोगाव फिरून भागभांडवल गोळा करायला सुरुवात केली. कारखाना म्हणजे काय हे न पाहिलेल्या शेतकऱ्याकडून त्यासाठी पैसे मागायचे, तेही दुष्काळी मुलखात, हे किती अवघड काम असेल याची कल्पना कर्जवसुली केलेल्या माणसाला सहज येईल.

मुंबई राज्यात तेव्हा अर्थ आणि सहकार ही खाती वैकुंठभाई मेहतांकडे होती. राज्यस्तरावरची सहकारी बँक त्यांनी मंत्री होण्याआधी अनेक वर्षे चालवली होती. मंत्र्याला बँक कळत होती आणि प्राध्यापकाला बाजार. विखे पाटलांना माणसे कळत होती. असा योग क्वचित जुळतो.

पण मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. कारखान्याचे अध्यक्ष व्हा, असे शेतकऱ्यांनी धनंजयरावांना सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले. त्यांच्या नावावर ना ऊस, ना त्या भागात गणगोत. गोखले संस्थेचा व्याप सांभाळून त्यांनी प्रवरा कारखान्याचे अध्यक्षपद पहिली दहाएक वर्षे निभावले. यंत्रे मागवणे, कर्जाच्या वाटाघाटी, भागधारकांच्या शंका, उसाचा भाव ठरवण्यावरून होणारे वाद, सगळे त्या खुर्चीवर येऊन आदळणारच. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचे पहिले गाळप झाले. पुढे केंद्र सरकारने परवाने देताना सहकारी कारखान्यांना प्राधान्य दिले आणि महाराष्ट्रात दीडशेच्या वर सहकारी कारखाने नोंदले गेले. पाया घातल्यावर आणि घडी बसल्यावर धनंजयराव बाजूला झाले. खुर्ची शेतकऱ्यांच्याच माणसाकडे गेली. सल्ला देऊन मोकळे होणारे तज्ज्ञ मी खूप पाहिले. आपल्या सल्ल्याची जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेणारा, आणि वेळ आल्यावर खुर्ची सोडणारा, असा विरळा.

त्याच वर्षी, आपल्या जिल्ह्यात

१९४५ हे वर्ष ठाणे जिल्ह्यालाही विसरता येणार नाही. त्या वर्षी मे महिन्यात झरी या गावी वारल्यांची मोठी परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारी बंद करण्याचा आणि मजुरी रोखीने व वाढवून मागण्याचा निर्धार तिथे झाला. ठाणे जिल्हा तेव्हा डहाणू-तलासरीपर्यंत पसरलेला होता. पालघर वेगळा झाला तो २०१४ मध्ये. जंगलात झाड तोडणारा, कोळसा पाडणारा वारली होता आणि पैसा होता जंगल ठेकेदाराचा. पुढची दोन वर्षे तो लढा पेटत राहिला.

१९४७ मध्ये, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि वैकुंठभाई सहकारमंत्री असताना, मुंबई राज्यात जंगल कामगार सहकारी सोसायट्यांची योजना आली. वनखात्याने लाकूडतोडीचे कूप ठेकेदाराऐवजी आदिवासी मजुरांच्याच सोसायटीला द्यायचे, म्हणजे कुऱ्हाड चालवणारा हाच सभासद आणि मालक. ठाणे जिल्हा या प्रयोगाच्या अगदी सुरुवातीच्या जिल्ह्यांपैकी एक. कामगारांच्या मालकीचा हा प्रयोग आपल्या शेजारी, शहापूर-मुरबाडच्या पलीकडच्या रानात झाला, याची डोंबिवलीत फारशी कुणाला माहिती नाही.

इथेच धनंजयरावांच्या कामाबद्दलचा एक नाजूक प्रश्न समोर येतो. प्रवरेचा मालक ऊस उत्पादक होता. कारखान्यात पाळी करणारा कामगार मालक नव्हता, आणि कोयता घेऊन बीडकडून येणारा ऊसतोड मजूर तर नाहीच नाही. सहकार ज्याचा, त्याच्या बाहेर कुणीतरी उरतेच. श्रीरामपूरच्या परिषदेत जमलेल्यांकडे निदान जमीन आणि पाणी होते, झरीच्या परिषदेत जमलेल्यांकडे फक्त हात होते. साखर कारखानदारीतून ग्रामीण भागात शाळा, दवाखाने, रस्ते आले, नवे नेतृत्व आले. त्याचबरोबर सत्तेचे गढही उभे राहिले. धनंजयरावांना हवी होती ती सहकारी समाजव्यवस्था, जिच्यात पत, उत्पादन, प्रक्रिया आणि विक्री या सगळ्या कड्या लहान माणसांच्या हाती असतील. त्यांना अभिप्रेत असलेले सगळे आले नाही, हे मान्य करण्यात त्यांचा अवमान होत नाही.

काम करणाराच मालक, हे जमत नाही असेही नाही. स्पेनच्या बास्क भागात माँद्रागोन येथे १९५६ मध्ये एका पाद्र्याच्या विद्यार्थ्यांनी छोटा कारखाना काढला आणि त्यातून कामगारांच्या मालकीचा मोठा उद्योगसमूह उभा राहिला. केरळात उरालुंगलची मजुरांची सहकारी संस्था १९२५ पासून रस्ते आणि पूल बांधते आहे. आपल्या अगदी जवळ, कुर्ल्याला, कमानी ट्यूब्स हा बंद पडलेला कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेने चालवायला घ्यावा, या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये मान्यता दिली. काही वर्षे तो चाललाही. पुढे टिकला नाही. धंद्याला लागणारे खेळते भांडवल, बाजार आणि व्यवस्थापन यांची सोय नुसत्या निर्धाराने होत नाही. माँद्रागोनला आधी शाळा निघाली, मग कारखाना, आणि थोड्याच वर्षांत स्वतःची बँक. प्रवरेलाही पतसंस्थेचा वीस-पंचवीस वर्षांचा सराव आधी झालेला होता. वागळे इस्टेटपासून कल्याणपलीकडच्या मोहन्यापर्यंत एकेक भोंगा बंद होताना आपण पाहिला. तिथल्या कामगारांना तशा तयारीची संधी कुणी दिली नाही, आणि आपणही ती मागितली नाही.

दिल्लीचे दिवस

प्रवरेचे काम चालू असतानाच धनंजयराव देशाच्या पातळीवरही गुंतलेले होते. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या ग्रामीण पतपाहणी समितीचे ते सदस्य होते. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील या समितीचा अहवाल १९५४ मध्ये आला. शेतकऱ्याने १९५१-५२ मध्ये घेतलेल्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के, असे त्यात निघाले. अर्धशतकभर परिषदा घेऊन, झेंडे लावून सहकाराने गाठलेला हा आकडा. धनंजयरावांसारखी सहकारावर श्रद्धा असलेली माणसे तो आकडा लपवत बसली नाहीत. सरकारने भांडवलात वाटा उचलावा, कर्ज आणि मालविक्री यांची सांगड घालावी, अशा शिफारशी समितीने केल्या. स्टेट बँक १९५५ मध्ये जन्मली तीही याच अहवालातून.

१९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राची मदत राज्यांना वाटताना दिल्लीच्या मर्जीऐवजी ठरलेला हिशेब असावा म्हणून आलेले सूत्र गाडगीळ सूत्र म्हणून ओळखले जाते. साठ टक्के वजन लोकसंख्येला, उरलेले दरडोई उत्पन्न, करवसुलीचे प्रयत्न, चालू पाटबंधारे व वीजप्रकल्प आणि राज्यांच्या खास अडचणी यांना दहा-दहा टक्के. १९६९ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांसाठी क्षेत्रनिहाय पद्धत सुचवली. त्यातून अग्रणी बँक योजना आली : एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेने घ्यायची. ठाणे जिल्ह्यासाठी ती बँक ऑफ महाराष्ट्रकडे आली. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या त्या बैठकांना मीही कित्येकदा बसलो आहे. टेबलावर आकड्यांचे तक्ते असायचे, मोखाड्याचे कर्जवाटप किती, मुरबाडचे किती. बऱ्याच वेळा चहा येईपर्यंत निम्मे तक्ते उलटून व्हायचे. पण कधी एखादा तरुण अधिकारी उठून अमुक गावाला बँकच नाही, असे सांगायचा आणि पुढच्या बैठकीत त्या गावाचे नाव पुन्हा काढायचा. धनंजयरावांना ही योजना कशासाठी हवी होती ते तेव्हा समजायचे.

दिल्लीतले काम सोडून धनंजयराव १९७१ च्या उन्हाळ्यात पुण्याला परत निघाले. ३ मे रोजी त्या रेल्वेप्रवासातच त्यांचे निधन झाले. सत्तर वर्षांचे आयुष्य. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे त्यांचे चिरंजीव. गावात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहून बोलायची सवय त्या घरातच असावी.

आपल्या दारातला प्रश्न

आता हे सगळे रविवारी सकाळी आपण का वाचायचे? कारण श्रीरामपूरच्या बागाईतदारांसमोरचा प्रश्न आज आपल्या इमारतीत येऊन बसला आहे. ठाण्यातल्या नौपाड्यात, डोंबिवलीच्या पूर्वेला-पश्चिमेला, कल्याणात, चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. इमारत बिल्डरच्या हवाली करायची की सोसायटीने कर्ज काढून, वास्तुविशारद नेमून आपणच बांधायची? २०१९ मध्ये राज्य सरकारने स्वयंपुनर्विकासासाठी सवलती जाहीर केल्या आणि पुनर्विकासाच्या निर्णयासाठी लागणारे बहुमत ५१ टक्क्यांवर आणले. ऊस विकून मोकळे व्हायचे की कारखाना काढायचा, हाच तो जुना प्रश्न. बिल्डरला देण्यात गैर काही नाही. पण वाढणारी किंमत कोणाच्या खिशात जाणार, हे कागदावर मांडून न पाहता देणे योग्य नाही.

हा निर्णय कुठे होतो? सर्वसाधारण सभेत. आणि आपल्या सभा कशा होतात ते आपण जाणतो. ठरल्या वेळी गणपूर्ती नसते, अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा सुरू होते, आणि शंभर घरांचे भवितव्य जिन्याखाली बसलेली बारा-पंधरा माणसे ठरवतात. उरलेले नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर मत देतात. २०१९ मध्येच एका मोठ्या नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा आपल्या भागातलीही अनेक कुटुंबे महिनोन् महिने ताटकळली. ठेवविमा १ लाखाचा ५ लाख झाला तो त्यानंतर, २०२० च्या फेब्रुवारीत. विम्याने धीर येतो हे खरे. पण सहकारी बँकेचा भागधारक हा कायद्याने मालक असतो, आणि मालकाने वर्षातून एकदा ताळेबंद उघडून पाहायचा असतो, याची आठवण विमा करून देत नाही.

निवृत्त बँक अधिकारी दिसला की सोसायटीवाले त्याला खजिनदार करायला टपलेलेच असतात. माझ्या बरोबरीचे बरेच जण ते टाळतात. तब्येत, नातवंडे, कटकट, कारणे खरीही असतात. तरी मला वाटते, ज्याला हिशेब कळतो, कायदा कळतो, बांधकाम कळते, त्याने तीनचार वर्षे तरी हे ओझे उचलावे, घडी बसली की दुसऱ्याकडे द्यावे. ज्याला यातले काही येत नाही त्याने निदान सभेच्या नोटिशीबरोबर येणारा जमाखर्च घरी वाचावा. नवरा-बायको दोघांनी वाचावा, कॉलेजात जाणाऱ्या मुलालाही दाखवावा. सिंकिंग फंडात किती आहे, थकबाकी कोणाकडे आहे, दुरुस्तीचे पैसे कुठे गेले, एवढे तीन प्रश्न काढून ठेवावेत. सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. नोटीस चौदा दिवस आधी लागते. तेवढा वेळ या वाचनाला पुरेसा आहे.